जाजमावरची टोपी

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. जिथे बदली झाली तिथे बोचकं बांधून मी तुमच्या मागे आले. लांब राहिले असते तर लिहिलं असतं. टोकावड्याच्या घरी पाटीवर मला अक्षरं गिरवायला लावलीत ती तुम्हीच, आणि माझं पहिलं पत्र तुम्हाला यायला इतका उशीर!

आज लिहायला बसले, कारण गेल्या रविवारी शहापूरला शिक्षक संघाची वार्षिक सभा झाली. हजेरी घेताना तुमचं नाव पुकारलं गेलं आणि तुम्ही हजर आहात असं सांगण्यात आलं. तुम्हाला जाऊन सात-आठ पावसाळे झाले. मी तिथेच भिंतीशी बसले होते. ‘हजर’ ऐकलं आणि मी चटकन दाराकडे वळून पाहिलं, खरंच पाहिलं. मग समोर पाहिलं, तर जाजमावर तुमची काळी टोपी.

लांबूनच ओळखली. पुढून चिमटीत धरून काढायची तुमची सवय, तिथे ती कायमची दबलेली. दुसऱ्या कुणाच्या टोपीला तसा खळगा असणार आहे का?

ही टोपी तुमच्याबरोबर जायला हवी होती. तुम्ही गेलात त्या सकाळी तुमच्या शेवटच्या शाळेच्या पाड्यावर पाऊस नुसता कोसळत होता. तुमचे दादा टोकावड्याहून चिखल तुडवत आले. ते म्हणाले, उघड्या डोक्यानं कसं न्यायचं? त्यांनी आपलं उपरणं काढून तुमच्या डोक्याला गुंडाळलं. ओढा ओलांडताना ते सुटलं आणि पाण्यातून वाहत गेलं. खांदेकऱ्यांचे पाय घसरत होते, ते बिचारे काय काय सांभाळणार! तुम्ही गेलात ते उघड्या डोक्यानेच.

तेव्हापासून तुम्ही मला दिसता ते तसेच. मुरबाडच्या शाळेत दुपारी पोरं घरी गेली की मागच्या बाकावर. काळू नदीच्या काठाने चालले की समोरच्या बांधावर. नेहमी पाठमोरे. तुमचा हात डोक्याशी जातो, चाचपतो आणि तसाच राहतो. मी हाक मारत नाही. मारली आणि तुम्ही वळलात तर, याची भीती वाटते. नाही वळलात तर, याची त्याहून जास्त.

टोपी कुठे गेली म्हणून मी गंगारामभाऊंना एकदाच विचारलं होतं. तुमच्याबरोबर एका बाकावर बसून शिकलेला माणूस, तुमचा जिवाभावाचा दोस्त. सभेला ती तुम्ही त्यांच्याच हाती दिली होतीत. ते खाली मान घालून म्हणाले, सभेच्या गर्दीत गेली कुठेतरी. सभेची गर्दी! रविवारी ती गर्दी डोळ्यांनी पाहिली तेव्हा मला त्या दुःखातही हसू आलं.

न आलेल्या माणसाऐवजी टोपी मांडायची ही रीत अण्णांनी घातली तेव्हा ती वाईट नव्हती, एवढं मी मानते. अण्णा तेव्हाही संघाचे अध्यक्ष, आजही अध्यक्ष. शहापूरच्या शाळेचे हेडमास्तर, गळ्यात उपरणं, चिमटीत तपकीर. शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुक्यांचा मिळून आपला एकच संघ. पूर्वी सभा श्रावणात भरायची. एका वर्षी ओढेनाले असे भरले की उंबरमाळीकडचे मास्तर येईनात, टोकावड्याकडचे येईनात. कुणीतरी येणाऱ्याच्या हाती आपली टोपी धाडली, माझी जागा धरा म्हणून. पंगतीत मागून येणाऱ्यासाठी पाट अडवून ठेवतात ना, तसं. अण्णा म्हणाले, ज्यानं डोक्यावरची टोपी पाठवली तो आलाच समजा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीच मला हे कौतुकानं सांगितलं होतंत.

पुढे सभा वैशाखात भरायला लागली. वाटा कोरड्या ठणठणीत, नद्यांत गुडघाभर पाणी नाही, तरी टोप्या येतच राहिल्या! मग कुणीतरी शहाण्यानं चांगली टोपी ठेवून घेऊन जुनी पाठवली. जुनी न्यायला परत कोण येतो? ती तिथेच राहिली. बघता बघता बहुतेकांच्या राहिल्या. अण्णांनी त्यांच्यासाठी एक पत्र्याची ट्रंक केली. सभेच्या दिवशी ट्रंक उघडायची, टोप्या झटकून जाजमावर मांडायच्या, सभा झाली की परत आत. टोपीचं मत कुणीकडे धरायचं हाही प्रश्न एकदा निघाला म्हणे. टोपीला तोंड नाही, तेव्हा ती अध्यक्षांबरोबर, असं ठरलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला तिथे होतं कोण?

तुम्हालाही वाटलं नव्हतं हो, पहिली काही वर्षं. रागावू नका, पण आज बोलायचंच आहे. शाळेची कौलं वाऱ्यानं उडाली, तुम्ही म्हणालात, अण्णा बघतील. फळा मधोमध चिरला, अण्णा बघतील. पाड्यावरच्या शाळेत एकच मास्तर किती वर्षं सडतोय असं मी म्हटलं, तरी अण्णा बघतील. मी एकदा विचारलं होतं, अण्णांना डोळे तरी किती आहेत? तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. बाकीचे सगळे तुमच्यासारखेच. वाईट एकही नाही. सगळ्यांना आपापली शाळा होती, भाताचं शेत होतं, आजारी आई होती. संघाची कटकट एक माणूस आनंदानं घेतोय, तर घेऊ दे की!

मग एका वैशाखात तुम्ही टोपी न पाठवता स्वतः गेलात. त्या पाड्यावरच्या मास्तरला तुम्ही वाटेत भेटला होतात, हिवतापानं पिवळा पडलेला. त्याला पाहून तुमच्या मनानं घेतलं. ठराव तुम्ही मला चुलीपुढे इतक्या वेळा म्हणून दाखवला होतात की आजही तोंडपाठ आहे: जंगलपट्टीतील शाळांवर प्रत्येक शिक्षकाने पाळीपाळीने जावे, एकाच माणसास तेथे कायम ठेवू नये. साधं तर होतं. पण शहापुरात, मुरबाडात घर करून राहिलेल्या मास्तरांना त्यानं बिऱ्हाड हलवावं लागणार, हे तुमच्या लक्षातच आलं नाही.

तिन्हीसांजेला परत आलात. पायावर पाणी घेतलंत, ओटीवर बसलात. मग म्हणालात, “भागे, मी टोप्यांसमोर बोलून आलो गो. एकीनं पन मान हलवली नाय.”

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक जेवायला वाढलं असेल.

त्याच साली तुमची बदली झाली. डोळखांबच्या वर, त्याच पाड्यावर. अण्णांनी केली का? मला माहीत नाही. हुकूम कचेरीतून आला होता. अण्णा म्हणाले, मी बोलून बघतो. त्यांनी बोलून पाहिलंही असेल. पण बाकीच्यांनी जो अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि ठरावाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

तिथे पहिल्याच पावसाळ्यात तुम्हाला ताप धरला. एक दिवसाआड हुडहुडी. कोयनेलच्या गोळ्यांनी कान बधिर झालेले, तरी पोरं दारात आली की तुम्ही भिंतीला टेकून पाढे घ्यायचात. पाड्यावरची माणसं चांगली होती. नाचणीची भाकरी, रानभाज्या आणून द्यायची. पण भाकरीनं हिवताप थोडाच जातो? तुम्हाला खाली आणायला हवं होतं, आणि ते काम संघाचं होतं.

दुसऱ्या वैशाखात तुम्हाला चालवेना. गंगारामभाऊ सभेला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून भेटायला आले. तुम्ही ठराव त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलात, आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांच्या हातात दिलीत. का दिलीत हो? ज्या टोप्यांवर इतके चिडला होतात त्यांच्यातच आपली नेऊन ठेवायची? मी तसं म्हणालेही. तुम्ही म्हणालात, गंगाराम बोलंल, आनि माजी जागा तरी रिकामी नको दिसाया.

गंगारामभाऊ बोलले नाहीत. उठायचं धाडस झालं नाही, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं. ज्येष्ठ निम्मा सरला, ओढे भरले, गाडीवाट बंद झाली. आणि तुम्ही खाली आलात ते खांद्यांवरून, ओढ्यापलीकडच्या जाळायच्या जागेपर्यंत.

अण्णा सुतकात भेटायला आले होते. इतक्या पावसात, त्या वयात. पुढे दादांना समजावून मला पुण्याला ट्रेनिंगला धाडलं ते त्यांनीच. त्यांनी शब्द टाकला म्हणून मुरबाडला लहान मुलांच्या वर्गावर मला घेतलं. त्या माणसाचं मीठ खाल्लंय मी. म्हणून तर हे सगळं इतकं अवघड आहे. तो राक्षस असता तर सोपं गेलं असतं.

आता यंदाचं सांगते.

त्या पाड्यावर सध्या दामू नावाचा पोरसवदा मास्तर आहे. मिसरूड फुटून फार दिवस झाले नसतील. किन्हवलीकडचा. तुमच्यासारखाच तापानं धरलेला, तुमच्यासारखाच अर्जामागून अर्ज करून थकलेला. चैत्रात त्याची बायको इंदू कडेवर पोर घेऊन माझ्याकडे मुरबाडला आली. म्हणाली, अजून एक पावसाळा तिथं काढला तर हे राहायचे नाहीत. बाई, तुमी तिथं राहिलाय, तुमाला ठावं हाय. मी तिला पाणी दिलं, बसवलं. मग दबक्या आवाजात म्हणाली,

“बाई, ते तापात बरळतात. म्हणतात, उंबऱ्यात एक मास्तर बसलाय, बोडका. टोपी मागतोय.”

मी तांब्या खाली ठेवला. तिला मी समजावलं, पाड्यावरची माणसं जुन्या मास्तरची गोष्ट सांगत असतील, तेच त्याच्या मनात घोळत असेल. शाळेच्या पडवीत ती माणसं अजून तुमच्यासाठी भाताचा मूठभर नैवेद्य ठेवतात, हेही तिनंच सांगितलं. ती गेल्यावर मी वर्गावर गेले. फळ्यावर काय लिहिलं, पोरांनी काय म्हटलं, काही म्हणता काही आठवत नाही.

अहो, त्या पोराला कशाला भिववायचं? आधीच तो अर्धा झालाय. टोपी हवी होती तर माझ्याकडे मागायची होतीत.

मी ठरवलं, सभेला जायचं आणि तुमचाच ठराव पुन्हा मांडायचा. यंदापासून संघात बायकांनाही घेतात. मी येणार हे कळल्यावर अण्णांनी निरोप धाडला: बाई, उन्हातान्हाचा त्रास घेऊ नका, तुमचं आम्ही बघू. बायकांना टोपी नसते ही केवढी अडचण झाली बघा! नाहीतर मीही एव्हाना ट्रंकेत गेले असते.

सरळगावावरून किन्हवलीच्या वाटेनं बैलगाडीतून शहापूरला पोचले. शाळेत जाजम अंथरलेलं. भिंतीला टेकून मोजकेच मास्तर, बहुतेक शहापूर-मुरबाड गावांतलेच. एक वर्तमानपत्र वाचत होता, एक चहा कधी येणार म्हणून विचारत होता. आणि मधे, जिथे माणसांनी बसायचं तिथे, रांगेत मांडलेल्या टोप्या. सगळ्यांची तोंडं अध्यक्षांच्या खुर्चीकडे. मला तर वाटलं, खाली माणसं आहेत, जाजमात गळ्यापर्यंत रुतलेली.

हजेरी गंगारामभाऊ घेत होते. ते आता संघाचे चिटणीस आहेत. नाव वाचायचं, टोपी आहे का बघायचं, आपणच हजर म्हणायचं. तुमच्या नावाशी आले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला. मान वर न करताच ते म्हणाले, हजर.

पुढचं थोडा वेळ मला काही ऐकू आलं नाही. भानावर आले तेव्हा अण्णा माझं नाव घेत होते. मी उठले आणि तुमचा ठराव म्हणून दाखवला. दामूचं सांगितलं, पावसाळा तोंडावर आलाय हेही सांगितलं. शब्द एकही चुकला नाही. अनुमोदन कोण देतंय? सगळ्यांनी माना खाली घातल्या, जाजमावर काही सांडलंय असं बघत राहिले. शेवटी अण्णाच हसून म्हणाले, बाईंचा मान राखायला हवा, मतांना टाकण्यापुरतं अनुमोदन मी देतो. मग हात वर करायला सांगितलं. माझ्या एकटीचा हात वर गेला. अण्णांनी इकडे तिकडे पाहिलं, टोप्या नेहमीप्रमाणे अध्यक्षांबरोबर असं पुटपुटले आणि ठराव नामंजूर झाला.

म्हणजे तुमच्याच टोपीनं तुमचाच ठराव पाडला! आणि हे किती वर्षं चाललंय कोण जाणे. जे जे म्हणून तुम्हाला पटलं नसतं त्या सगळ्याला तुम्ही निमूट हो म्हणत आलात.

माझे पाय आपोआप चालायला लागले. रांगेतून वाट काढत गेले, वाकले, तुमची टोपी उचलली आणि उलटी केली. आत माझ्या लग्नातल्या हिरव्या खणाचा तुकडा. अस्तर फाटलं तेव्हा मीच लावला होता. रंग उडालाय, पण माझे टाके तसेच आहेत.

“बाई, ती सभासदाची टोपी आहे. जागेवर ठेवा,” अण्णा म्हणाले.

“सभासद वारलाय, अण्णा. तुम्ही सुतकात भेटायला आला होतात.”

वर्तमानपत्र वाचणाऱ्यानं ते हळूच घडी करून ठेवलं. अण्णा गंगारामभाऊंकडे बघायला लागले. गंगारामभाऊंनी चष्मा काढला आणि नुसता हातात धरला.

“नाव खोडाया हात झाला नाय, वयनी,” ते म्हणाले. “पयल्या वर्षी त्याची टोपी तेवढी राहिली व्हती. म्हटलं, बसू दे आपल्यात. मंग दर साली तेच झालं.”

अहो, मी त्यांच्यावर चिडायला गेले होते. चिडताच येईना. तुमच्यावर माझ्याशिवाय आणखी कुणाचा इतका जीव होता, हे मला कळलं ते असं! एका माणसाला मैत्रीपोटी तुमचं नाव खोडवेना आणि दुसऱ्याला ते खोडायची गरज पडेना, या दोघांच्या मधे तुम्ही इतकी वर्षं जाजमावर बसून राहिलात.

मग खरा पेच पुढे आला. सभा कायदेशीर व्हायला सभासदांची ठरलेली हजेरी लागते, त्याला कोरम म्हणतात. यंदा ट्रंकेत कसर लागली होती, बऱ्याच टोप्यांची चाळण होऊन गेली होती. गंगारामभाऊंनी बोटांनी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं आणि अण्णांच्या कानाला लागले. तुमची टोपी उचलली तर एक जण कमी पडत होता. सभा मोडणार, अध्यक्षांची निवड नाही, संघाची कचेरीतली मान्यता जाणार.

अण्णा खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले. जवळून पाहिलं तेव्हा कळलं, किती म्हातारे झालेत. हाताला कंप आहे. या संघापलीकडे त्यांना आता काही उरलेलं नाही, घरी सुनाही विचारत नाहीत म्हणतात. ते इतक्या हळू बोलले की फक्त मला आणि गंगारामभाऊंना ऐकू गेलं.

“टोपी ठेवा, बाई. ठराव मंजूर धरतो. दामूला या आठवड्यात खाली आणतो, माझा शब्द आहे.”

काय करायला हवं होतं हो मी?

तुमची सुटका माझ्या हातात होती, अगदी हातात. दार चार पावलांवर होतं. टोपी घेऊन निघाले असते, पाड्याखालच्या ओढ्याशी गेले असते, तुमचं तुम्हाला देऊन टाकलं असतं. मग सभा मोडली असती. पुढची भरेपर्यंत पाऊस लागला असता, गाडीवाट बंद झाली असती, आणि इंदू कडेवरचं पोर घेऊन ओढ्याच्या अलीकडे उभी राहिली असती, मी उभी होते तशी. तुम्ही मला त्या क्षणी काहीतरी सांगाल म्हणून मी वाट पाहिली. इतकी वर्षं नको तिथे दिसता, तेव्हा मात्र कुठेच नव्हतात!

मी वाकले आणि टोपी होती तिथे ठेवली.

हजेरी पुन्हा घ्यायला लावली. अण्णा म्हणाले, कशाला? मी म्हणाले, घ्या. गंगारामभाऊ एकेक नाव वाचत आले. मग तुमचं नाव आलं. त्यांनी ते वाचलं, पण पुढचं ‘हजर’ काही म्हणेनात. तेव्हा मीच म्हणाले, “हजर.”

ज्या बाईनं तुमच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं तिनंच हे म्हटलं. तुम्ही ऐकलंत का? ऐकलं असेल तर मला माफ करा. नसेल ऐकलं तर आता वाचताय.

ठराव मंजूर झाला. टोप्यांच्या जोरावर! त्यातल्या बहुतेक जंगलपट्टीतल्याच मास्तरांच्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या टोप्यांनी आपापल्या डोक्यांच्या भल्याचं मत दिलं, आणि त्या डोक्यांना त्याचा पत्ताही नाही. पहिली पाळी कुणाची, असं अण्णांनी विचारलं तेव्हा पुन्हा सगळे जाजम बघायला लागले. गंगारामभाऊंनी टाक खाली ठेवला.

“पयली पाळी माजी धरा,” ते म्हणाले.

त्यांचं वय तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्याएवढेच. म्हणजे तुम्ही असतात तर जेवढे असतात तेवढे.

मग अण्णांना हार घातला, चहा आला. बाहेर पडताना एक मास्तर माझ्याजवळ येऊन म्हणाले, बरं केलंत बाई, आमी बोलणारच होतो. मी त्यांना नमस्कार केला. दुसरं काय करणार?

अण्णांनी शब्द पाळला, हे लिहायलाच हवं. उन्हातान्हात स्वतः कचेरीत जाऊन बसले आणि हुकूम घेऊनच उठले. काल दामूला बैलगाडीतून किन्हवलीला इंदूच्या माहेरी आणलं. मी जाऊन पाहून आले. हाडांचा सापळा झालाय, पण उठून बसला आणि पेज प्यायला. तुमच्याविषयी तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. इंदूनं माझ्या पायावर पोर घातलं. ते मला बघून खुदकन हसलं. आणि मला वाटलं, या हसण्याची किंमत मी तुमच्याकडून वसूल केली, तुम्हाला न विचारता.

तुम्ही हो म्हणाला असतात, असं गंगारामभाऊ म्हणतात. असतातच. पण हो म्हणायला तुम्ही नव्हतात, हेच तर मला खातंय. जी रीत मोडायला तुम्ही उभे राहिलात तिलाच मी तुमचा टेकू दिला. अण्णा पुन्हा अध्यक्ष झाले ते तुमच्या हजेरीवर, आणि ती हजेरी लावली मी. काल किन्हवलीहून परत येताना तुम्ही नदीच्या बांधावर दिसलात. हात नेहमीसारखा डोक्याशी गेला होता. माझ्याच्याने तुमच्याकडे बघवलं नाही.

आता ऐका. गंगारामभाऊ पावसाआधी पाड्यावर राहायला जातील. ते तुमचे दोस्त आहेत, त्यांच्या उंबऱ्यात बसायचं तर बसा, बोला, भांडा. पण त्यांना ताप आला तर बाजूला व्हा. पुढची पाळी कुणाची हे त्यांच्यासाठी मी वेळेवर विचारणार आहे, आणि बघतो म्हटलेलं ऐकून घेणार नाही.

आणि वचन देते. उद्यापासून सुट्टी आहे. आधी टोकावड्याला जाईन, मग डोळखांबकडे, मग उंबरमाळीपर्यंत. एकेका मास्तरच्या दारात उभी राहीन आणि सांगेन, तुमची टोपी शहापूरला काय काय बोलते ते एकदा येऊन ऐका. ते हसतील, पाणी देतील, बाई चहा घ्या म्हणतील. मी पुन्हा जाईन. दिवाळीत जाईन, नाताळात जाईन, कंटाळून हो म्हणेपर्यंत जाईन. पुढच्या वैशाखात त्या जाजमावर माणसं बसलेली असतील, मांडीला मांडी लावून, जागेवरून भांडत. मग तुमचं नाव मी माझ्या हातानं खोडीन. गंगारामभाऊंना ते जमायचं नाही.

त्या दिवशी संघाला तुमची गरज उरणार नाही. मला उरेल. तिचं काय करायचं ते माझं मी बघेन.

तुमचीच,
भागी